चालते त बेस, पन थांबते का?

2017 च्या पावसाळ्यात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. तेव्हापासून बाबांच्या पाठीवर पंप दिसला की काळजात चर्र व्हायचं. मी मोटार रिवाइंडिंगचं काम करतो, वेल्डिंगही येतं. टाकी वाहून नेणारी गाडी आपणच बनवायची, असं ठरवलं.

दोन फूट रुंदीची, ओळीतून जाईल अशी चौकट. दोन्ही बाजूंना इलेक्ट्रिक सायकलीला लावतात तशा 24 व्होल्ट, 250 वॉटच्या गियर मोटारी. 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये आणि वर 50 लिटरची टाकी. आधी दहा मीटर वायरला स्विचबॉक्स लावला होता, पण वायर पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीच्या झाडांत, अडकायची आणि माणूस फवाऱ्याच्या टप्प्यातच राहायचा. म्हणून रिमोट.

मॉडेल विमानांसाठी मिळतो तो 2.4 गिगाहर्ट्झचा, सहा चॅनेलचा रिमोट घेतला. त्याचा गाडीवर बसणारा रिसीव्हर प्रत्येक चॅनेलवर, म्हणजे हुकुमाच्या प्रत्येक वाटेवर, सेकंदाला साधारण 50 पल्स (विजेचे छोटे ठोके) देतो. 1500 मायक्रोसेकंदाची पल्स म्हणजे मधोमध, 1000 आणि 2000 म्हणजे दोन टोकं. रिसीव्हर आणि मोटार यांच्यामधला सर्किट बोर्ड, म्हणजे ड्रायव्हर, ती पल्स वाचून मोटारीला मागे-पुढे करंट देतो. यात रिमोटची डावी काडी वापरू नका. विमानाचा थ्रॉटल (वेग कमी-जास्त करायची काडी) असल्यामुळे ती जिथे सोडाल तिथेच राहते. उजवी काडी स्प्रिंगने मधे येते, हात सुटला की गाडी उभी.

पहिला ड्रायव्हर स्वस्तातला, वर 43 अँपिअर लिहिलेला. शेडच्या सिमेंटवर मोटार सहा-सात अँपिअर घेत होती, सगळं छान. मग भरल्या टाकीने ओल्या काळ्या मातीत उतरवली. चिखलात चाक रुतलं, क्लॅम्पमीटर 30 च्या वर गेला आणि मिनिटाभरात जळकट वास. अडकलेली मोटार रेटिंगच्या कितीतरी पट करंट ओढते, हे मी रोज गिऱ्हाइकांना सांगतो, तरी ड्रायव्हर निवडताना नेमप्लेटच बघितली याचं फार वाईट वाटलं. पैसे साठवून सेबरटूथ 2x60 मागवला. दोन मोटारी, प्रत्येकीला सलग 60 अँपिअर, आणि रिमोटच्या पल्स थेट घेतो. दोन्ही चाकांचं मिक्सिंग, म्हणजे एकाच काडीवरून दोन्हींचे वेग ठरवणं, त्यातच होतं, म्हणून रिमोटमधलं बंद ठेवलं. त्याला बॅटरीच हवी, पॉवर सप्लाय चालत नाही, कारण ब्रेक लागताना मोटार जनरेटर होते आणि करंट उलटा परत येतो.

चौकट विटांवर उचलून चाकं अधांतरी ठेवली आणि चालू केलं. काडी हलवली तशी चाकं आवाज न करता फिरली. बाबा बाजेवर बसून बघत होते. म्हणाले, "चालते त बेस, पन थांबते का?"

काडी पुढे धरूनच मी रिमोट बंद केला. चाकं फिरतच राहिली. त्याच वेगात, आणि बंद रिमोट माझ्या हातात. मी धावत जाऊन बॅटरीची तार उपटली. गाडी जमिनीवर असती तर पुढे धुरा (शेताचा बांध), त्यापलीकडे विहीर.

रात्रभर त्याचाच विचार. सिग्नल गेला की थांबायची सोय ड्रायव्हरमध्ये आहे, पण त्याच्या दृष्टीने सिग्नल गेलाच नव्हता. रिसीव्हर शेवटची पल्स तशीच देत राहिला होता. रिमोटच्या मेनूत फेलसेफ, म्हणजे संपर्क तुटला की कोणती पल्स द्यायची ती सोय, बंद होतं. दोन्ही चॅनेलना 1500 भरून ते सेव्ह केलं. तरी भरवसा ठेवला नाही. बॅटरीच्या तारेत डीसी कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेने चालणारा मोठा स्विच, टाकला. त्याच्या कॉइलला करंट मिळाला तरच तो जोडलेला राहतो. त्या कॉइलच्या वाटेत दोन गोष्टी: गाडीच्या मागे लाल मशरूम बटण आणि रिमोटच्या पाचव्या चॅनेलवरचा रिले (छोटा स्विच). त्या चॅनेलचं फेलसेफही "बंद" वर.

शेतात आणखी एक खोड निघाली. गाडी माझ्याकडे तोंड करून आली की नीट, वळली की झटके देत थांबायची. आधी मोटारीतल्या ब्रशच्या ठिणग्या सिग्नल बिघडवतात असा संशय घेतला. दोन्ही मोटारींच्या टर्मिनलांवर 104 नंबरचे सिरॅमिक कपॅसिटर लावले, तारांना पीळ दिला. थोडा फरक पडला. खरं कारण टाकी होती. रिसीव्हर तिच्या पुढे बसवलेला, वळलं की मधे 50 लिटर पाणी, आणि 2.4 गिगाहर्ट्झची लहर पाणी शोषून घेतं. ओली पऱ्हाटीही तेच करते. रिसीव्हर पीव्हीसी पाइपवर पिकाच्या वर चढवला. अँटेनाच्या दोन्ही तारांची टोकं, शेवटचे 31 मिलिमीटर, एकमेकींशी काटकोनात चिकटवली. झटके थांबले.

पुढच्या फवारणीला रिमोट बाबांच्या हातात दिला. वाऱ्याच्या वरच्या अंगाला धुऱ्यावर उभे राहिले, तोंडाला गमचा बांधून. अर्ध्या ओळीत त्यांनी मला न विचारता रिमोटचं बटण बंद केलं. कॉन्टॅक्टर खट्‌ वाजला, गाडी जागच्या जागी उभी. बाबांनी दहा मोजले, रिमोट पुन्हा चालू केला आणि ओळ पुरी केली.