आपण मुळातच सावळे, मग सनस्क्रीन कशाला?

उन्हाळा तोंडावर आला की आमच्या औषधांच्या दुकानात हा प्रश्न हमखास येतो. परवा तुम्हीही तोच विचारलात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

प्रश्नात तथ्य आहे. त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य अतिनील किरणे शोषून घेत असल्यामुळे उन्हाने कातडी भाजून निघणे किंवा त्वचेचा कर्करोग होणे हे गोऱ्यांच्या मानाने आपल्याकडे पुष्कळच कमी. परंतु ऊन लागले की मेलॅनिन तयार करणाऱ्या पेशी अधिकच जोमाने कामाला लागतात, आणि ज्यांची तशी प्रवृत्ती असते त्यांच्या गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर वांगाचे तपकिरी डाग उमटतात, जे एकदा धरले की वर्षानुवर्षे पिच्छा सोडत नाहीत. (त्यावर स्टेरॉइड असलेले ‘गोरे करणारे’ क्रीम मागणाऱ्यांना मी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय परत पाठवतो, त्याने त्वचा पातळ होते आणि ऊन आणखीच बाधते.)

जमिनीवर पोहोचणाऱ्या अतिनील किरणांपैकी सुमारे ९५ टक्के ‘यूव्हीए’ असतात. ती खोलवर शिरून त्वचेला घट्ट ठेवणारे कोलॅजन मोडतात, आणि खिडकीच्या काचेलाही जुमानत नाहीत. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१२ साली २८ वर्षे ट्रक चालवलेल्या एका माणसाचे छायाचित्र छापले होते: खिडकीकडचा डावा गाल जाड, सुरकुत्यांनी लोंबलेला, उजवा त्या मानाने तुकतुकीत. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, एवढाच फरक.

क्रीम विकणे हा माझा धंदा असला तरी पहिला मान मी कापडालाच देतो. पुण्यात दुचाकीवरच्या मुली तोंडाला स्कार्फ गुंडाळतात, त्याची थट्टा करणाऱ्यांनी खुशाल करावी. फक्त तो स्कार्फ एकदा उजेडासमोर धरून पाहावा, कारण विणीतून आरपार दिसत असेल तर ऊनही आत येणारच. उघड्या राहणाऱ्या भागाला एसपीएफ (क्रीम उन्हाने भाजण्यापासून किती वाचवते याचा डबीवरचा आकडा) ३० सहसा पुरते. मात्र हा आकडा प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम असा भरघोस थर देऊन काढलेला असतो, आणि आपण वाटाण्याएवढ्या क्रीमवर चेहरा उरकतो. चेहरा आणि मानेसाठी तर्जनी व मधल्या बोटावर पूर्ण लांबीच्या दोन रेघा घ्याव्यात, आणि उन्हात राहायचे असल्यास दर दोन तासांनी पुन्हा लावावे. ज्यांना वांग आहे त्यांनी आयर्न ऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगाचे सनस्क्रीन मागावे, कारण डाग डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही गडद होतात आणि साधे पांढरे क्रीम तो फारसा अडवत नाही.