दोन थेंब आणि एक पोस्टकार्ड

मागच्या महिन्यात तोक्योतल्या निशीकसाईच्या आमच्या घरी एक माणूस आला. "बिल्डिंगचं पाणी तपासतोय" म्हणाला. ग्लासात नळाचं पाणी घेतलं, दोन थेंब टाकले आणि पाणी गुलाबी झालं. "घरात बाळ आहे ना?" एवढंच विचारलं त्याने. लेक माझ्या कडेवर होती. मी १ लाख ९८ हजार येनच्या फिल्टरवर सही करून टाकली.

ते थेंब फक्त क्लोरीन दाखवतात, आणि इथे नळाच्या पाण्यात क्लोरीन असणं कायद्यानेच बंधनकारक आहे, हे संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या आजींनी सांगितलं. म्हणजे पाणी सुरक्षित असल्याची खूणच दाखवून मला घाबरवलं होतं. आजींनीच १८८ हा ग्राहक मदतीचा नंबर लावून दिला. हे आकडे जपानीत 'इयाया', म्हणजे 'नको नको' असे वाचता येतात.

फोनवरच्या बाईंनी सांगितलं, साधं पोस्टकार्ड घ्या. कराराची तारीख, वस्तू, रक्कम, कंपनीचं नाव आणि खाली 'हा करार मी रद्द करते'. कारण लिहायचं नाही. दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढा, पोस्टात नोंद होईल असं पाठवा. कराराचा कागद हातात पडला तो दिवस धरून आठ दिवसांची मुदत, आणि कार्ड पोस्टात पडलं की करार संपला. ईमेलही चालतो आता, पण मी कार्डच लिहिलं. वळणदार अक्षर काढत बसले, दोन कार्डं वाया घालवली. कंपनीने स्वखर्चाने फिल्टर काढून नेला, पैसे परत आले. एका वाक्याला एवढी किंमत मिळाल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं.

त्या रात्री मला वकील कितो मासाकी आठवले. जुलै २०२२मध्ये नारा इथे माजी पंतप्रधान शिंझो आबेंची हत्या झाली. मारेकऱ्याच्या आईने युनिफिकेशन चर्च या पंथाला दिलेल्या पैशांत घर धुऊन निघालं होतं, आणि त्या पंथाचा राग त्याने आबेंवर काढला. त्यानंतर हे वकील रोज टीव्हीवर दिसायचे. १९९०पासून त्यांनी फसवणुकीची आणि पंथांची प्रकरणं एकत्रच लढवली. पूर्वजांचा दोष सांगून हजारो लोकांच्या गळ्यात महागडे कलश आणि शिक्के मारले गेले होते. 'तुमचा देव खरा की खोटा' या वादात हे वकील पडत नाहीत. पैसे घेताना माणसाला कसं घाबरवलं, एवढंच विचारतात. माझ्या ग्लासातल्या गुलाबी पाण्यालाही तोच प्रश्न लागू होतो.

हे काम जिवावर बेतणारं आहे. किती, ते त्यांनी वकिलीत पाऊल ठेवण्याआधीच दिसलं होतं. ओम शिनरिक्यो पंथातल्या मुलांच्या आईवडिलांची बाजू मांडणारे योकोहामाचे साकामोतो त्सुत्सुमी नोव्हेंबर १९८९मध्ये घरातूनच नाहीसे झाले. त्यांची पत्नी आणि वर्षाचं बाळही. १९९५मध्ये तिघांचे मृतदेह तीन वेगवेगळ्या प्रांतांतल्या डोंगरांत सापडले. हे वाचताना डोळ्यांपुढे पुण्यातला ओंकारेश्वराचा पूल येतोच, जिथे डॉ. दाभोलकरांचा खून झाला.

ऑफिसात एकाने सहज म्हटलं, "तुमच्याकडे तर बाबा-बुवा फारच ना?" मला राग आला. म्हटलं, आमच्या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा २०१३चा आहे, देणग्यांबद्दलचा तुमचा कायदा डिसेंबर २०२२चा. दोन्हीकडे आधी खून पडला आणि मग सरकार हललं. तो गप्प बसला. बरं वाटलं मला.

पण त्या जपानी कायद्यात एक गोष्ट आहे जी आमच्याकडे हवी होती. भीती घालून घेतलेली देणगी रद्द करून परत मागता येते, आणि देणाऱ्याच्या मुलांनाही आपल्या पालनपोषणाच्या हक्कापुरती ती मागता येते. तीन वर्षांपूर्वी आईने पितृदोषाच्या शांतीसाठी एकाला चाळीस हजार दिले होते. मी तोक्योत होते. इतक्या लांबून वाद कशाला, तिला बरं वाटतंय ना, असं म्हणून सोडून दिलं. अजूनही वाटतं, त्या वेळी दुसरं काय करू शकत होते?

पोस्टकार्डाची पोचपावती फाइलला लावली आणि आईला फोन केला. विचारलं, "त्या शांतीची काही पावती आहे का गं?"

"दक्षिणेची पावती कोण मागतं?" आई म्हणाली. "आणि तुझ्यासाठीच केली होती ती. तुला मूल राहत नव्हतं ना तेव्हा."

लेक मांडीवरून फोनकडे हात करत होती.

"झाली की नाही मग?" आई म्हणाली. "दे बघू तिला फोन."

मी दिला.