काठीची होळी आणि लोखंडी कांबेचं भाडं

आधी कामाचं सांगतो, म्हणजे पुढचं वाचलं नाही तरी चालेल. होळीच्या रात्री नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुव्याहून काठी या सातपुड्यातल्या गावाला गाडी ठरवलीत तर परतीचं भाडं तिथंच उभ्या उभ्या बोलून घ्या. माणसं मोजून दाखवा. सामानही मोजून दाखवा. आम्ही नुसतं जायचं बोललो, अडीच हजार. येताना तोच माणूस, तीच गाडी, साडेपाच हजार. वर एका लोखंडी कांबेला एका सीटचे तीनशे. हो, कांबेला.

ही कांब म्हणजे दंताल, पुतणीच्या मैत्रिणीचं वाद्य. पुतणी लेस्टरला वाढलेली, कथक शिकते, कविताही करते. तिच्याबरोबर मैत्रीण आली होती, राहणारी नेदरलँड्सची, मूळ घर दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनामचं. कलकत्त्याहून निघालेलं लाला रूख जहाज ५ जून १८७३ ला तिथल्या पारामारिबो बंदराला लागलं, आणि १९१६ पर्यंत चौतीस हजारांवर माणसं उसाच्या मळ्यांवर करारानं नेली गेली. तिचे पूर्वज त्यांतलेच, भोजपुरी मुलखातले. परदेशातून नाचगाण्याच्या पोरी येतायत म्हटल्यावर मी सिनेमातली गाणी धरून चाललो होतो. जळगावला गच्चीवर एक संध्याकाळ केली, कविता, कथक, मैत्रिणीचं बैठक गाना, म्हणजे सुरीनामातल्या भारतीयांचं बसून गायचं गाणं. छान झालं. भरीत संपलं. त्यावर जास्त लिहीत नाही, कारण गच्चीवर यायला कुणाला वाट विचारावी लागत नाही.

काठीला लागते.

नंदुरबारपर्यंत रेल्वे, पुढे तळोद्यावरून अक्कलकुवा, इथवर काही तक्रार नाही. अक्कलकुव्याला चहावाला, गाडीवाला आणि आणखी एक सुशिक्षित दिसणारा गृहस्थ, तिघांनीही सांगितलं, "तासाभराचं काम आहे भाऊ, रस्ता एकदम चकाचक." देवगोईचा घाट चढायला लागल्यावर पहिल्या चार वळणांत चकाचक संपला. मग खडी, मग कडेला सुटलेली खडी, मग समोरून येणारी काळीपिवळी, टपावर दहा-बारा जण. घाट लागत असेल तर पुढं बसा, संध्याकाळी जेवूनही निघू नका. मी अक्कलकुव्यात शेवभाजी चापून निघालो होतो. पुढचं लिहीत नाही.

मोलगीच्या पुढं गाड्यांची रांगच लागली. होळीच्या रात्री अख्खा सातपुडा काठीकडं निघालेला असतो. गाडी तासभर एका जागी. शेवटी चालक म्हणाला, "इथून पायीच जा, मी इथंच थांबतो." अंधारात साडेतीन किलोमीटर तरी चाललो असू. चालायला काही वाटत नाही, पण टॉर्च हवाच आणि पायात बूट हवेत, चपला नकोत. मार्च असला तरी रात्री वर गार होतं. काठीत लॉजबिज शोधत बसू नका. पाणी आणि दादर ज्वारीच्या भाकरी घरूनच न्या.

मात्र त्या अडकलेल्या तासातच जे व्हायचं ते झालं. कंटाळून मैत्रिणीनं दंताल बाहेर काढलं. छातीएवढी सरळ कांब आणि घोड्याच्या नालेसारखा लोखंडी ठोका. कांब उभी धरायची, वरच्या हाताची मूठ आवळली की आवाज दबतो, सोडली की खणखणतो. एवढंच वाद्य. बैलगाडीच्या आसावरून आलं म्हणतात, खरंखोटं कोण सांगणार, पण दिसतं तसंच. तिच्याकडं होळीला फगवा म्हणतात, सुरीनामात त्या दिवशी सरकारी सुट्टी असते. फगव्याला चौताल गातात. गाणारे दोन रांगांत समोरासमोर बसतात, ओळ इकडून तिकडं फेकतात, लय आधी संथ, मग चढत चढत अंगावर येते. आमची दुसरी रांग म्हणजे मी, पुतणी आणि पुढच्या गाडीच्या टपावरची पोरं. त्यांनी दोन फेऱ्यांत ओळ उचलली. ढोलकी कुणाकडं नव्हती, म्हणून पत्र्यावर थाप दिली. मला गाता येत नाही. तरी गायलो.

गाणं कुणाचं विचारलं तर म्हणाली, पणजीचं, तिनं कधी लिहून ठेवलं नाही, मी आता वहीत उतरवते. मला असोद्याच्या बहिणाबाई आठवल्या. त्यांनाही अक्षर येत नव्हतं. मुलानं, सोपानदेवांनी, जपलं म्हणून त्या गेल्यावर, १९५२ साली, पुस्तक निघालं. हे, आणि त्या जात्यावर दळताना गायच्या हेही, मी तिला सांगितलं तर तिनं "जातं म्हणजे काय" असं विचारलं आणि मी अंधारात हातानं गोल फिरवून दाखवत बसलो.

काठीत पोचल्यावर मात्र आमच्याकडून एक चूक झाली, ती तुम्ही करू नका. पुतणीनं घुंगरू आणले होते. तिला वाटलं, सगळे नाचतायत, आपणही तत्कार करू. एक तर त्या फुफाट्यात कथकचा पाय वाजतच नाही, नुसती धूळ उडते. दुसरं म्हणजे बावा आणि बुध्या होऊन नाचणारी माणसं नवसाची असतात. होळीच्या दिवसांत व्रत पाळतात, जमिनीवर झोपतात. अंगावर राखेची नक्षी, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, कमरेला वाळलेले दुधी आणि घुंगरू. त्यांनी नुसती कंबर हलवली तरी दुधींचा खुळखुळाट मावळत नाही. एका म्हाताऱ्यानं पुतणीला हातानंच बाजूला केलं, रागावून नाही, रस्त्यात उभ्या वासराला करतात तसं. ती मुकाट्यानं बसली आणि पहाटेपर्यंत एकटक बघत राहिली. फोटो काढायचा तर आधी विचारा, आणि टोपाला हात लावू नका.

होळी पहाटे पेटते. उंच बांबू, खाली ढोलांचा गराडा. ते बघायचं असेल तर रात्रभर जागायची तयारी ठेवा. मध्यरात्री "आता निघू या" म्हणणारा माणूस बरोबर असेल तर त्याला नंदुरबारलाच ठेवा. पुन्हा जाईन का? पुढच्या वर्षीच. पण गाडी घरची नेईन.

परतीच्या भांडणाचं वर लिहिलंच आहे. "एवढी लांब वस्तू आडवी ठेवली, सीट अडली," हा गाडीवाल्याचा मुद्दा, आणि खरं सांगायचं तर सीट अडली होती. साडेपाच हजार मात्र लूट आहे. सकाळी सात वाजता, गर्दीतून, झोप नसताना, लहान मुलंबाळं बरोबर असतील तर माणूस दहाही देईल, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

नंदुरबारला उतरलो आणि फोन आला, तुमचा लोखंडी नाल गाडीत राहिलाय, आणून द्यायचे चारशे. मी फोन ठेवला. स्टेशनकडं जाताना एका लोहाराकडं थांबलो, दंताल दाखवलं. त्यानं भंगारातली सळई भट्टीत लाल केली, ऐरणीवर वाकवली, दोन्ही टोकं ठोकून चपटी केली. दहा मिनिटं, साठ रुपये. पोरीनं तिथंच कांबेवर मारून बघितला. म्हणाली, आधीच्यापेक्षा हा बरा वाजतो.