१६६० सुपर बदलायचं की नाही: मोजमापांची नोंदवही

मशीन असं आहे: रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ८-८ जीबीच्या दोन स्टिक मिळून १६ जीबी डीडीआर४, ६ जीबीचं जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड, ५५० वॉटचा पॉवर सप्लाय आणि १०८०पी, १४४ हर्ट्झचा मॉनिटर. तक्रार नेहमीचीच. ओपन वर्ल्ड गेममध्ये गर्दीच्या चौकात शिरलं की चित्र झटके खातं. कार्ड २०१९ चं, म्हणून सगळं खापर त्याच्यावर फुटतं. कार्डांची तुलना करायला बसण्याआधी आकडे घेतले.

नोंद १: मोजायची रीत

कार्डाचे आकडे दाखवायला आफ्टरबर्नर आणि रिव्हाट्यूनर ही सॉफ्टवेअर स्क्रीनवर, नोंद ठेवायला कॅपफ्रेमएक्स. व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग) बंद, फ्रेमची मर्यादा काढलेली. एकच सेव्ह, एकच रस्ता, ६० सेकंद, चार फेऱ्या. पहिली फेरी सरळ फेकून द्यायची, कारण तिच्यात शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार होत असतात आणि १% लो (सगळ्यात मंद एक टक्का फ्रेमचा वेग) उगाच खाली येतो. उरलेल्या तीन फेऱ्यांमध्ये दोन-तीन फ्रेमपेक्षा जास्त फरक पडला तर मागे काहीतरी चालू आहे. बहुतेक वेळा ते विंडोज अपडेट असतं.

सरासरी एफपीएसवर (सेकंदाला किती फ्रेम) फार भिस्त ठेवू नये. झटके दिसतात ते फ्रेमटाइमच्या आलेखात. ६० एफपीएस म्हणजे एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद, १४४ म्हणजे ६.९. रेघ सपाट असेल तर ५५ एफपीएससुद्धा गुळगुळीत वाटतात. तीच रेघ कंगव्याच्या दातांसारखी असेल तर ८० असूनही डोळ्यांना त्रास.

पहिले आकडे, १०८०पी, हाय सेटिंग: सरासरी ६२, १% लो ३४. कार्डाचा वापर ७८ ते ८५ टक्क्यांवर घुटमळतोय. गोम इथेच आहे. फ्रेमवर मर्यादा नसताना कार्ड ९५ च्या वर जात नसेल तर ते कोणाची तरी वाट बघतंय. प्रोसेसरचा एकूण वापर मात्र ४५ टक्केच दिसत होता, आणि बरेच जण इथे फसतात. गेमचा मुख्य थ्रेड (कामांची मुख्य साखळी) एकाच कोअरवर अडलेला असतो, बाकीचे निवांत, आणि सरासरी काढली की प्रोसेसर रिकामा वाटतो.

नोंद २: ७२०पी ची चाचणी

बाकी एकही सेटिंग न हलवता फक्त रिझोल्यूशन १२८० × ७२० वर आणलं. पिक्सेल निम्म्याहून कमी झाले तरी सरासरी ६२ वरून ६४. म्हणजे या चौकात या मशीनची कमाल ६४. कार्ड कितीही दांडगं लावलं तरी ती ओलांडता येणार नाही, कारण प्रोसेसर त्याहून जास्त फ्रेमचं काम पुढे सरकवतच नाही.

ही चाचणी करताना गर्दीची घनता, दृश्याचं अंतर, सावल्या यांना हात लावायचा नाही. त्या कमी केल्या की प्रोसेसरचं ओझंही उतरतं आणि आकडा फसवा येतो. ५:४ सारखं वेगळ्या आकाराचं रिझोल्यूशनही नको, कारण दृश्याची रुंदी बदलते.

नोंद ३: रॅम २१३३ वर

६४ हा आकडा ३६०० साठीसुद्धा कमी वाटला, म्हणून टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा वेग पाहिला. २१३३! स्टिकवर मात्र ३२०० छापलेलं. मागे बायॉस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट झालं तेव्हा एक्सएमपी (रॅमला छापलेल्या वेगावर चालवणारी सेटिंग) बंद झालं आणि पुन्हा चालू करायचं राहून गेलं. बायॉस अपडेट केलं की सेटिंग बहुधा मूळपदावर जातात. बहुतेक बोर्डांचं हेच.

रायझनवर याचा फटका दुहेरी बसतो. कोअरना जोडणारं इन्फिनिटी फॅब्रिक रॅमच्या घड्याळावर चालतं: ३२०० ला १६०० मेगाहर्ट्झ, २१३३ ला जेमतेम १०६७. म्हणजे रॅम मंद आणि रॅमपर्यंतचा रस्ताही मंद. एक्सएमपी लावलं (काही बोर्डांवर त्याला डीओसीपी म्हणतात), स्टिक दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये असल्याची खात्री केली, रात्रभर मेमटेस्ट ही रॅमची चाचणी चालवली. एकही चूक नाही.

नवे आकडे: १०८०पी ला सरासरी ७१, १% लो ४७. ७२०पी ला ८६. कार्डाचा वापर ९७ टक्के. आता कुठे कार्ड खरोखर कामाला लागलं.

नोंद ४: ६ जीबी कुठे संपतात

हाय टेक्श्चरला (वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रं) कार्डाची मेमरी ५.३ जीबीपर्यंत. अल्ट्रा केलं की सरासरी ७१ ची ६८, म्हणजे कागदावर काहीच बिघडलं नाही. पण १% लो ४७ वरून १९ वर कोसळला आणि आलेखाचा कंगवा झाला.

कारण साधं आहे. १६६० सुपरची स्वतःची मेमरी सेकंदाला ३३६ जीबी देते. ती भरली की उरलेला माल मुख्य रॅममध्ये जातो आणि पीसीआयई ३.० (कार्ड आणि बोर्ड यांच्यातला जोड) च्या १६ लेनवरून ये-जा करतो, जेमतेम १६ जीबी वेगाने. वीसपट अरुंद वाट. काही गेम झटके न देता गुपचूप धूसर टेक्श्चर दाखवतात. तेव्हा एफपीएस छान दिसतात आणि भिंतीवरची पाटी मात्र वाचता येत नाही.

आफ्टरबर्नरमध्ये साधा मेमरी वापर न बघता ‘प्रोसेस’ लिहिलेला आकडा लावावा. पहिल्यात ब्राउझर आणि डेस्कटॉपचाही हिस्सा मिसळलेला असतो.

नोंद ५: धूळ आणि पेस्ट

कार्डाचं तापमान ८३ अंशांवर, घड्याळ (चिपचा वेग) हळूहळू घसरतंय. फुंकर मारताना पंखा बोटाने धरून ठेवला, नाहीतर तो भन्नाट फिरून बेअरिंग खराब होतं. कूलर उघडून त्याच्या आणि चिपच्या मधली पेस्ट बदलली. मधले चार स्क्रू तिरपे-तिरपे, थोडेथोडे करून आवळायचे. मेमरीवरच्या थर्मल पॅडना हात लावला नाही: जाडी चुकून अर्धा मिलिमीटर जास्त झाली तर कूलर मुख्य चिपवर टेकतच नाही, आणि मग पाच मिनिटांत शंभरी. तापमान ७२ वर आलं. फ्रेममध्ये फायदा एक-दोनचा, आवाजात मात्र बराच.

नोंद ६: हिशोब

१०८०पी वर आज ७१, मशीनची कमाल ८६. नवं कार्ड कोणतंही आणा, या चौकात जास्तीत जास्त १५ फ्रेम पदरात पडतील. एवढ्यासाठी कार्ड बदलणं पटत नाही. एफएसआर (कमी रिझोल्यूशनला रंगवून चित्र मोठं करणारी सोय) क्वालिटीवर टाकलं तर आतून ७२०पी रंगवून ८० च्या आसपास आजच मिळतात. दूरच्या तारा आणि जाळ्या थोड्या लुकलुकतात, तेवढं सोसावं लागतं.

मॉनिटर १४४०पी चा घेतला तर चित्र बदलतं. पिक्सेल १.७८ पट. डीएसआर (मॉनिटरपेक्षा मोठं रिझोल्यूशन रंगवणारी सोय) लावून त्या रिझोल्यूशनला चालवून पाहिलं: सरासरी ४५. प्रोसेसरची कमाल मात्र तिथेही ८६ च. आता फरक ४१ फ्रेमचा, आणि तो पूर्णपणे कार्डाच्या हातात.

एका बाबतीत हा हिशोब चालत नाही. जीटीएक्स १६ मालिकेत रे ट्रेसिंगचं (प्रकाशकिरणांचा माग काढून चित्र रंगवण्याचं) हार्डवेअर नाही, आणि २०२५ च्या ‘डूम: द डार्क एजेस’सारख्या गेमना ते सक्तीचं आहे. खेळायच्या यादीत असं काही असेल तर फ्रेम मोजत बसण्यात अर्थ नाही, कार्ड बदलावंच लागेल. रे ट्रेसिंग प्रोसेसरवरही भार टाकतं, तेव्हा ८६ ची कमाल तिथे आणखी खाली येईल हे धरून चालायचं.

नोंद ७: बदललं तर कोणतं

आरटीएक्स ४०६०: ११५ वॉट, म्हणजे आत्ताच्या १२५ वॉटच्या कार्डापेक्षाही कमी. पण मेमरी ८ जीबी आणि लेन आठच. बी४५० वर पीसीआयई ३.० असल्याने मेमरी ओसंडली की वाट सेकंदाला ८ जीबीची, नोंद ४ मधल्या वाटेच्या निम्मी. १४४०पी साठी नको.

आर्क बी५८०: १२ जीबी, १९० वॉट. रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) नसेल तर कामगिरी फार पडते, आणि जुन्या सहा कोअरच्या प्रोसेसरवर त्याचा ड्रायव्हर जड जातो. ३६०० बरोबर नाहीच.

आरएक्स ९०६० एक्सटी, १६ जीबी: १६० वॉट, पूर्ण १६ लेन. या बोर्डावर सगळ्यात सोयीचं हेच. याच नावाने ८ जीबीचंही मिळतं, तेव्हा खोक्यावरचा आकडा वाचूनच घ्यावं. ३६०० भरभरून चालला तरी ८८ वॉट, कार्ड १६०, बाकी सगळं मिळून ५० धरा. पॉवर सप्लाय चांगल्या प्रतीचा असेल तर ५५० पुरतो.

रिसायझेबल बारसाठी बायॉसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करायची सोय) बंद करावं लागतं, आणि विंडोजची डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर ती त्यानंतर बूटच होत नाही. इथे ती तशीच निघाली. डिस्क नव्या जीपीटी पद्धतीत बदलणारं विंडोजमधलं एमबीआर२जीपीटी आधी फक्त तपासणीच्या पर्यायाने चालवलं, मग बॅकअप, मग बदल, आणि शेवटी सीएसएम बंद. हे काम जुनं कार्ड असतानाच उरकून टाकलं. नवं कार्ड, नवा ड्रायव्हर आणि काळी स्क्रीन एकाच दिवशी आली की चूक नेमकी कुठे आहे ते सापडत नाही. ३६०० मध्ये अंगचं ग्राफिक्स नाही, बोर्डाच्या एचडीएमआयला केबल लावूनही काही दिसत नाही.

सद्यस्थिती: रॅम ३२०० वर, टेक्श्चर हाय, एफएसआर क्वालिटी, फ्रेमची मर्यादा ७५. फ्रेमटाइमची रेघ सपाट. १०८०पी चा मॉनिटर आहे तोवर १६६० सुपर जागेवरच. पुढची नोंद रायझन ५ ५६०० बसवून ७२०पी ची चाचणी पुन्हा घेतल्यावर.