पोर्तोमध्ये भेटलेलं पिंप

पोर्तुगालमधल्या पोर्तोला उतरलो तेव्हा रिपरिप पाऊस लागला होता. रिबैरा म्हणजे नदीकाठची जुनी वस्ती, तिच्या मागच्या चढावर खोली घेतली होती. घरमालकीणबाई साठीच्या, इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. हातातला जुडगा खुळखुळवत त्या "शाव, शाव" असं काहीतरी म्हणाल्या. बायको माझ्याकडे बघून म्हणाली, "अरे, चावी म्हणताहेत त्या!" पुढचे चार दिवस आमचा हाच खेळ झाला. बटाटा, पाव, कोबी, पगार, लिलाव हे शब्द पोर्तुगीजांकडून आले एवढं शाळेत घोकलं होतं, पण ते असे दारात उभे राहून स्वागत करतील असं वाटलं नव्हतं.

शहर दोउरू नदीच्या उत्तर काठावर अक्षरशः टांगलेलं आहे. स्पेनमधून आलेली ही नदी इथे अटलांटिकला मिळते. नकाशावर पाच मिनिटांचं दिसणारं अंतर प्रत्यक्षात दीडशे पायऱ्यांचं निघतं. रत्नागिरीकडच्या घाट्या चढून मोठा झालेला मी, तरी दुसऱ्या दिवशी पोटऱ्या बोलायला लागल्या. दगडी फरसबंदी पावसात निसरडी होते, तेव्हा चांगल्या तळाचे बूट न्याच.

आधी स्टेशन बघा, गाडी पकडायची नसली तरी. सांव बेंतो हे स्टेशन एका जुन्या मठाच्या जागेवर बांधलंय. आतल्या दालनाच्या भिंतींवर सुमारे 20,000 निळ्या-पांढऱ्या फरशा आहेत. या फरशांना अझुलेजु म्हणतात. चित्रकार जोर्ज कुलासू. एका भिंतीवर 1415 साली उत्तर आफ्रिकेतल्या सेउताचा किल्ला जिंकणारं पोर्तुगीज सैन्य, तर दुसरीकडे दिलेला शब्द पाळता आला नाही म्हणून बायकोमुलांसह शत्रुराजापुढे जाऊन उभा राहिलेला बाराव्या शतकातला सरदार एगास मोनिझ. मी त्या एगासपाशी बराच वेळ रेंगाळलो. जवळ गेलं की चेहरा नाहीसा होतो, उरतात ते ब्रशचे फटकारे आणि फरशांमधल्या फटी. चार पावलं मागे सरकलं की माणूस पुन्हा उभा. हे काम आधी कुठेतरी पाहिलंय असं सारखं वाटत होतं. रात्री आठवलं: पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेत शिरताना ज्या निळ्या भिंती लागतात, त्याही याच कुलासूच्या! लहानपणी पणजीला मामाकडे जाताना त्या भिंतीला टेकून मी आइसकांडी खाल्ली आहे.

दोउरूवरच्या दों लुईश पुलाचे फोटो 'आयफेलचा पूल' म्हणून सर्रास फिरतात. तो आयफेलचा नाही. आयफेलचा तो जरा वरच्या अंगाला असलेला मारिया पिया, 1877 चा रेल्वेपूल, आता बंद. दों लुईश 1886 चा, तेओफील सेरिगचा. हा सेरिग आधी आयफेलचाच भागीदार होता. एका कमानीत 172 मीटर, वरच्या मजल्यावर मेट्रो आणि पायी चालणारे, खालच्या मजल्यावर रस्ता. वर मेट्रोला वेगळं कुंपण नाही. फोटोच्या नादात रुळावर रमलात तर मागून घंटा ऐकू येते आणि सगळे पर्यटक कोंबड्यांसारखे कडेला पांगतात.

पुलाजवळच, रिबैराच्या भिंतीवर काशाचं एक छोटं शिल्प आहे. बहुतेक लोक त्याच्यासमोरून आइस्क्रीम खात जातात. 29 मार्च 1809 रोजी फ्रेंच सैन्य शहरात घुसलं, लोक जीव घेऊन होड्यांच्या पुलावर धावले आणि पूल खचला. किती बुडाले त्याची मोजदाद नाही. शिल्पाखाली आजही मेणबत्त्या लावतात. आम्ही गेलो तेव्हा तीन तेवत होत्या.

खाण्याचं थोडक्यात. पोर्तोकरांना 'त्रिपैरू' म्हणतात, म्हणजे वजडी खाणारे. सेउताच्या मोहिमेसाठी चांगलं मांस गलबतांवर दिलं आणि स्वतःला वजडी ठेवली, अशी दंतकथा. पांढऱ्या घेवड्याबरोबर शिजवलेली ती वजडी मी चापली. बायको शाकाहारी, तिने बटाटा आणि कोबीच्या जातीच्या पानांचं हिरवं सूप मागवलं. वर चोरिसाची, म्हणजे डुकराच्या सॉसेजची, चकती तरंगत आली! ती माझ्या ताटात आली, सूप परत गेलं. आधीच सांगावं, हा धडा.

आणि आता पिंप. पलीकडचा काठ म्हणजे विला नोव्हा द गाया, कागदोपत्री वेगळंच शहर. पोर्ट वाइनची कोठारं सगळी तिकडे, कारण तो उतार उत्तरेकडे तोंड करून गार राहतो. द्राक्षं मात्र वरच्या खोऱ्यातली. आंबवण अर्ध्यात असतानाच द्राक्षाची दारू ओतून थांबवतात, म्हणून गोडी शिल्लक राहते आणि कडकपणा वीस टक्के अल्कोहोलच्या आसपास जातो. पूर्वी हा माल सपाट बुडाच्या, लांबलचक सुकाणूच्या 'राबेलु' होड्यांतून यायचा. आता नदीवर धरणं आहेत, होड्या काठाला फोटोसाठी बांधलेल्या.

कोठारात अंधार, ओलसर लाकडाचा आंबूस वास. वाटाड्या पोराने ओकच्या एका फुगीर लाकडी भांड्याच्या पोटावर थाप मारली आणि म्हणाला, "पीपा. साधारण साडेपाचशे लिटर." मी मोठ्याने हसलो. आजीच्या न्हाणीघरात पाण्याचं जे गंजकं पिंप होतं, ज्यात मी चार वर्षांचा असताना उलटा पडलो होतो, त्याचं नाव इथलं! पोराला समजावून सांगितलं, तर त्याने गंभीरपणे विचारलं, "त्यात कुठली वाइन होती?"

तिथून लाकडात मुरवलेल्या टॉनी पोर्टची एक बाटली घेतली. सामान फक्त हातातलं, त्यातून एवढी बाटली विमानात नेता येणार नाही, हे पैसे दिल्यावर आठवलं. शेवटच्या रात्री जेवढी जमली तेवढी प्यायलो. पहाटे निघताना उरलेली अर्धी बाटली स्वयंपाकघरात ठेवली आणि तिच्या गळ्यात चावीचा जुडगा अडकवून दार ओढून घेतलं.