तंटा मिटला म्हणजे नक्की काय झालं?

आमच्याकडं नवऱ्यानं बायकोला मारलं तर त्याला कुणी ‘हिंसा’ म्हणत नाही. ‘भांड्याला भांडं लागायचंच’ म्हणतात. मी गावात आशा सेविका म्हणून काम करते, त्यामुळं घरोघरी पार चुलीपर्यंत जाणं होतं. अंगावर वळ दिसला की उत्तर ठरलेलं, ‘मोरीत पाय घसरला.’ मोरीत घसरून दंडावर चार बोटं कशी उठतात, हे मी तिथं विचारत नाही. सासू दारातच उभी असते. बाळाचं वजन करायचं निमित्त काढून सुनेला अंगणवाडीत बोलावते, मग ती बोलते.

गाव अगदीच काही करत नाही असं नाही. शेजारीण रात्रीची पोरं आपल्याकडं झोपवते, माहेरचा भाऊ येऊन दम देऊन जातो. फारच वाढलं तर तंटामुक्ती समिती. गावातले तंटे गावातच मिटवायची 2007 पासूनची ही मोहीम, बांधाची भांडणं मिटवायला चांगलीच. पण इथं मिटवणं म्हणजे त्यानं ‘परत दारू पिणार नाही’ असं लिहून द्यायचं आणि तिनं गुमान नांदायला जायचं. मला नाही पटत.

घरातल्या मारहाणीविरुद्धच्या 2005 च्या कायद्यात संरक्षण अधिकारी आहे, राहत्या घरात राहायचा हक्क आहे, पोलीस केस न करताही कोर्टात अर्ज करता येतो. पण तालुक्याला जायचं भाडं मागायचं कुणाकडं? नवऱ्याकडंच? म्हणून मी लसीकरणाच्या कार्डामागं पेनानं 181 लिहून देते, बायांच्या हेल्पलाइनचा नंबर, नुसता आकडा. ते कार्ड सासू फेकत नाही, नातवाचं असतं ना.