बगदादची भिजलेली पुस्तकं

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रश्न जुनाच आहे, विचारणारे तेवढे बदलतात. इथे अमेरिकेत मंडळाच्या गणपतीत कुणीतरी विचारतं, पुण्याला गेले की मावशी विचारते, "तू ना ज्यू, ना इतिहासाची प्राध्यापक. मग ते ज्यू लोकांचं एकच प्रदर्शन तीन-तीन गावांत जाऊन का बघितलंस?" दर वेळी हातात पानाची थाळी किंवा चहाचा कप असतो आणि मी काहीतरी अर्धंमुर्धं सांगून सुटते. आज नीट सांगते.

प्रदर्शन इराकच्या ज्यूंच्या कागदपत्रांचं होतं. ६ मे २००३ ला, बगदाद पडून महिनाही झालेला नसताना, अमेरिकी सैनिकांची एक तुकडी सद्दामच्या गुप्तहेर खात्याच्या इमारतीत शिरली. शोध चालला होता संहारक शस्त्रांचा. तळघरात चार फूट पाणी होतं, आणि त्या पाण्यात तरंगत होती हिब्रू पुस्तकं. प्रार्थनेची, शाळेची, हिशेबाची. बगदादच्या ज्यू समाजाकडून काढून घेतलेली सत्तावीसशेहून जास्त पुस्तकं आणि हजारो सुटे कागद. सैनिकांनी ती बाहेर काढून थोडी उन्हात वाळवली, मग पत्र्याच्या सत्तावीस ट्रंकांत भरून गोठवली. ऑगस्टमध्ये त्या ट्रंका अमेरिकेत आल्या आणि वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्ह्जनं, म्हणजे अमेरिकी सरकारच्या दप्तरखान्यानं, पुढची दहा वर्षं त्यांच्यावर काम केलं. त्यातल्या फक्त चोवीस वस्तू निवडून २०१३ च्या अखेरीस प्रदर्शन मांडलं. मी मेरीलँडला राहते, मेट्रोनं जायचं अंतर. एका शनिवारी सहज गेले.

आत शिरल्याशिरल्या एक पत्र्याची ट्रंक ठेवली होती, झाकण उघडं. आत कागदांच्या हुबेहूब नकला, ट्रंका पहिल्यांदा उघडल्या तेव्हा जशा दिसल्या तशा रचलेल्या. फुगलेली, एकमेकांना चिकटलेली, बुरशीनं काळी-तपकिरी झालेली पानं. मी तिथेच थांबले. कारण असं दृश्य मी लहानपणापासून ऐकत आले होते.

आमचं घर पुण्याच्या शनिवार पेठेत, नदीच्या बाजूला. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा बाबा शाळेत होते. पाणी माळ्यापर्यंत चढलं. आजोबांच्या वह्या, पोथ्या, पणजोबांचे जमाखर्च, सगळं एका पेटीत होतं. पाणी ओसरल्यावर घरच्यांनी ते कागद गच्चीवर कडकडीत उन्हात घातले. वाळले, पण विटा होऊन. पान सोडवायला गेलं की तुकडा हातात यायचा. शेवटी ती पेटी गाळासोबत गेली. बाबा ही गोष्ट सांगताना दर वेळी "विटा" याच शब्दाशी अडतात. ट्रंकेपाशी मला तोच शब्द आठवला आणि पुढचा अर्धा तास मी फक्त ते कागद कसे वाचवले हेच वाचत होते. ओला कागद आधी गोठवायचा, म्हणजे बुरशी थांबते. मग निर्वात पेटीत ठेवायचा, म्हणजे बर्फाचं पाणी न होता थेट वाफ होते. त्यानंतर बुरशी झाडायची, एकेक पान सुटं करायचं, फाटलं असेल तिथे जपानी कागदाची पातळ पट्टी लावायची. आमच्या पेटीचंही असं काही झालं असतं का, हा विचार तिथे मनात आला आणि अजून गेलेला नाही.

म्हणजे पहिल्यांदा मी ज्यूंसाठी नाही, ओल्या कागदांसाठी रेंगाळले. हे खरं आहे ते सांगते.

दुसरं कारण ससून. पुण्याच्या माणसाला हा शब्द म्हणजे हॉस्पिटल. "ससूनला नेलंय" म्हटलं की पुढचं विचारायचं नसतं. प्रदर्शनात ससून घराण्याच्या देशोदेशीच्या व्यापारी पत्रव्यवहाराचे कागद होते आणि ते आडनाव वाचून मला आपल्याच अज्ञानाची लाज वाटली. डेव्हिड ससून बगदादचे. तिथल्या पाशाच्या जाचाला कंटाळून १८३० च्या सुमाराला बाहेर पडले, मग मुंबईला आले. मुंबईतला ससून डॉक, काळा घोड्याजवळची लायब्ररी, आपलं हॉस्पिटल, सगळं त्या घराण्याच्या पैशांतून. ते वारले पुण्यात, १८६४ साली. समाधी कॅम्पातल्या लाल देवळाच्या आवारात आहे. लाल देऊळ म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉग, ज्यूंचं प्रार्थनामंदिर. मी शाळेत असताना त्याच्यावरून सायकलनं रोज जायचे. ते कुणाचं, बांधणारा कुठून आला, हे मी विचारलं नाही आणि मला कुणी सांगितलंही नाही. बगदादचं ते पान मला वॉशिंग्टनच्या काचेमागे भेटायचं होतं.

पण पुन्हा जायचं ठरवलं ते वेगळ्याच कागदामुळे. एक छोटं सरकारी पत्र होतं, १९१८ चं. बगदादमध्ये इंग्रजांचा अंमल नुकताच सुरू झालेला. पत्र आहे प्रमुख रब्बींना, म्हणजे ज्यू धर्मगुरूंना, विषय ज्यू नववर्षासाठी द्यायच्या मेंढ्या. बस, एवढंच. सण आलाय, मेंढ्या हव्यात, त्याचं वाटप. मी ते तीनदा वाचलं. ज्यूंचा इतिहास म्हणून आपल्या पुस्तकांत काय असतं? हिटलर, छळछावण्या, संपलं. ते शिकवलंच पाहिजे, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पुढे २०१९ मध्ये न्यूयॉर्कला ऑशविट्झ या नाझी छळछावणीचं फिरतं प्रदर्शन आलं तेही मी बघितलं. संग्रहालयाबाहेर मालगाडीचा डबा उभा होता, आत एका बाईचा लाल बूट होता, आणि त्या बुटासमोर कुणालाच बोलता येत नव्हतं. पण माणसं कशी मेली एवढंच ठाऊक असलं तर ती ओळखीची होत नाहीत. सणाला मेंढ्या कमी पडतील म्हणून कचेरीत खेटे घालणारी माणसं लगेच ओळखीची वाटतात.

तशीच १९०२ ची एक हग्गादा होती, म्हणजे ज्यूंच्या वल्हांडण सणाच्या रात्री घरात वाचायची पोथी. बगदादच्या एका ज्यू मुलानं हातानं लिहिलेली आणि सजवलेली. रेघा आखून, चौकटी रंगवून, अगदी मन लावून. मराठीतही हग्गादा आहे, हे मला त्यानंतरच्या वाचनात कळलं. १८४६ साली मुंबईत शिळाप्रेसवर छापलेली, आणि १८७४ ची पुण्याची, चित्रांसकट. पुण्याच्या प्रतीत मात्सा, म्हणजे बिनखमिराची भाकरी, करणाऱ्या बायका आपल्यासारख्या जमिनीवर बसलेल्या आहेत. कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंची भाषा मराठी, त्यामुळे मिसर देशातून सुटकेची ती कथा त्यांनी मराठीत सांगितली. पुण्यात छापलेलं हे पुस्तक पुणेकरांपैकी किती जणांनी नुसतं बघितलंय?

न्यूयॉर्कला गेले २०१४ च्या वसंतात. वस्तू त्याच, पण बघणारे वेगळे. वॉशिंग्टनला पर्यटक होते, इथे घरचे लोक होते, म्हणजे इराकी ज्यू. अडीच हजार वर्षांहून जुना हा समाज. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बगदादमध्ये दर चार-पाच माणसांत एक तरी ज्यू असायचा. जून १९४१ मध्ये दोन दिवस दंगल झाली, फरहूद म्हणतात तिला, दीडशेहून जास्त ज्यू मारले गेले. १९५० मध्ये कायदा झाला, नागरिकत्व सोडा आणि जा. पुढच्या वर्षी जाणाऱ्यांची मालमत्ता गोठवली. दोनेक वर्षांत सव्वा लाखाच्या आसपास माणसं देश सोडून गेली. हे आकडे भिंतीवर होते आणि त्या आकड्यांतली माणसं माझ्या शेजारी चष्मा पुसत उभी होती. फिरत्या प्रदर्शनाचा हा गुण मला मोठा वाटतो. वस्तू जागच्या जागी असती तर ही माणसं तिच्यापर्यंत पोचलीच नसती.

तिसऱ्यांदा बाल्टिमोरला, २०१७ च्या शेवटी. तिथलं ज्यू संग्रहालय १८४५ च्या जुन्या सिनेगॉगला लागून आहे. गर्दी नव्हती. शाळेच्या पहिल्या पुस्तकापाशी एक आजोबा बराच वेळ उभे होते, ओठ हलत होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, हे मी शिकलोय. कुठली तू, असं विचारलं. पूना म्हटल्यावर त्यांचा चेहराच बदलला. त्यांच्या आजीची बहीण लग्न करून पूनाला गेली होती, तिची पत्रं यायची, पुढे बंद झाली. पूनाला आता आमचं कुणी आहे का, असं त्यांनी मला विचारलं. लाल देऊळ अजून उभं आहे, एवढंच मी सांगू शकले.

हे कागद इराकला परत पाठवायचे असा करार २००३ मध्येच झाला होता. २०१४ ला जायचे होते, मुदत वाढवून घेतली आणि कागद अजून अमेरिकेतच आहेत. माझं मत विचाराल तर ते त्या आजोबांसारख्यांना हाताशी असावेत. ज्यांच्या घरातून आणि देवघरातून ते उचलले, त्यांची मुलं-नातवंडं आज बगदादमध्ये नाहीत. कागदांची छायाचित्रं इंटरनेटवर ठेवली आहेत, कुणालाही पाहता येतात, हे फार चांगलं झालं.

त्यातलंच एक छायाचित्र मागच्या वर्षी मी बाबांना पाठवलं. बगदादमध्ये मोकळ्या जागेवर पुस्तकं उन्हात पसरलेली आहेत. बाबांनी ते दोन बोटांनी मोठं करून बराच वेळ बघितलं असावं, कारण फोन आला तो तासाभरानं.

"उन्हात कशाला घातली गं," म्हणाले, "आमचंही तेच चुकलं."